रडू आणणारा सिनेमा



मागच्या महिन्यात एका शनिवारी, इशाच्या नमाजनंतर, अंजूरच्या आमच्या घरी सगळे मिळून एक मराठी सिनेमा बघत होतो. मोठ्या मुलाने मोबाइल टीव्हीला जोडून दिला होता. भाईजान आणि भाभी भिवंडीहून आले होते. भाभींनी मटण-रोटी आणलेली, मुलं गाद्यांवर आडवी पडलेली. सिनेमा जुना होता, ‘व्हेंटिलेटर’, २०१६ सालचा. पहिला अर्धा तास हसण्यात गेला. भाईजान सगळ्यांत मोठ्याने हसत होते. मग हॉस्पिटलच्या व्हरांड्यातला एक प्रसंग आला आणि भाईजान उठून बाहेर गेले. मला वाटलं, फोन आला असेल. पंधरा मिनिटांनी मी ओट्यावर जाऊन बघितलं तर ते अंधारात नुसतेच बसले होते. फोन घरातच, चार्जिंगला लावलेला.

त्यांच्याकडे नंतर येते. आधी या सिनेमाबद्दल थोडं सांगते, कारण सोमवारी स्टाफरूममध्ये मी त्याचा विषय काढला आणि चांगलाच वाद झाला.

आमचे मराठीचे ज्येष्ठ सहकारी चोखंदळ आहेत. ते म्हणाले, “मॅडम, तो सिनेमा बरा आहे, पण रडवतो. रडवणाऱ्या सिनेमाचं मला काही कौतुक नाही. कांदा कापला तरी रडू येतं.” बाकीचे हसले. मीही हसले. पण तास सुटल्यावर रिक्षात बसून अंजूरफाट्यापर्यंत येताना ते वाक्य डोक्यातून जाईना.

ज्यांनी तो सिनेमा बघितला नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात. कामेरकर नावाचं कोकणातलं मोठं कुटुंब आहे. गणपती चार दिवसांवर आलेत आणि घरातले वडीलधारे गजानन कामेरकर, सगळ्यांचे गजूकाका, कोमात जातात. त्यांना मुंबईच्या हॉस्पिटलात व्हेंटिलेटरवर ठेवतात. बातमी पसरते आणि नातेवाईक जमू लागतात, गावचे, शहरातले, बोलणारे आणि अबोला धरलेले. आता काकांचं काही झालं तर सुतक येणार, मग गणपती कसे बसणार? हा प्रश्न कोणी उघड विचारत नाही आणि सगळेच विचारतात. काकांचा मुलगा प्रसन्न राजकारणात आहे, त्याचं आणि बापाचं कधी पटलेलं नाही. पुतण्या राजा सिनेमाचा दिग्दर्शक, त्याचंही स्वतःच्या वडिलांशी, म्हणजे भाऊंशी, मनमोकळं बोलणं नाही. यंत्र चालू ठेवायचं की काढायचं, हा निर्णय शेवटी प्रसन्नच्या पदरात येतो. पुढचं सांगत नाही.

प्रसन्न झालाय जितेंद्र जोशी, राजा झालेत आशुतोष गोवारीकर. ‘लगान’ आणि ‘स्वदेस’ करणारे गोवारीकर इथे कित्येक वर्षांनी पडद्यावर नट म्हणून उभे राहिले. भाऊंच्या भूमिकेत सतीश आळेकर आहेत, आणि ही निवड ज्याने केली त्याला दाद द्यायला हवी. १९७४ साली आळेकरांनी ‘महानिर्वाण’ हे नाटक लिहिलं होतं. माणूस मेल्यानंतर घरात, चाळीत आणि स्मशानात काय काय चालतं, यावरचं ते काळ्या विनोदाचं नाटक. मरणाच्या दारात माणसं किती हास्यास्पद वागतात हे ज्याने मराठीत इतक्या धारदारपणे दाखवलं, तोच लेखक बेचाळीस वर्षांनी आजारी भावाच्या काळजीतला म्हातारा म्हणून या सिनेमात येतो.

दिग्दर्शक राजेश मापुसकर. हा त्यांचा पहिला मराठी सिनेमा. त्याआधी त्यांनी बरीच वर्षं राजकुमार हिरानींच्या हाताखाली काम केलं होतं आणि २०१२ मध्ये ‘फरारी की सवारी’ हा हिंदी सिनेमा केला होता. तो आमच्या शाळेतल्या मुलांनी बघितलेला असतो. मुंबईतलं पारशी घर, आरटीओत कारकून असलेला नाकासमोर चालणारा बाप, क्रिकेटवेडा मुलगा, चिडका आजोबा आणि मुलासाठी बापाने ‘उसनी’ आणलेली सचिनची लाल गाडी. त्या वेळच्या परीक्षणांचा सूर साधारण असा होता की सिनेमा गोड आहे, प्रामाणिक आहे, पण ताणलाय आणि जरा जास्तच भाबडा आहे. चार वर्षांनी ‘व्हेंटिलेटर’ आला तेव्हा समीक्षकांनी त्याचं स्वागत बरंच मोकळ्या मनाने केलं, तरी तक्रारी त्याच. पात्रं फार. खरंच फार आहेत, शंभराच्या आसपास चेहरे त्यात येऊन जातात आणि कोण कोणाचा साडू हे शेवटपर्यंत कळत नाही. लांबी जास्त. आणि भावनांचा मारा. प्रियांका चोप्रांच्या कंपनीने सिनेमा काढला होता, त्या स्वतः त्यात क्षणभर दिसतात आणि ‘बाबा’ हे गाणंही गायल्या. त्यामुळे वर्तमानपत्रांतली बरीचशी जागा त्यांच्याच नावाने भरली.

सिनेमा लागला ४ नोव्हेंबर २०१६ ला, शुक्रवारी. पुढच्या मंगळवारी, ८ तारखेला रात्री, पाचशे आणि हजारच्या नोटा रद्द झाल्या. भिवंडीकरांना तो आठवडा मी वेगळा सांगायला नको. इथे यंत्रमागाचा सगळा पगार रोखीने, आठवड्याला. कारखाने थंडावले, कामगार गाठोडी बांधून युपी-बिहारच्या गाडीला लागले, बँकांच्या दारात फजरपासून रांगा. अशा दिवसांत कोण ठाण्याला जाऊन तिकीट काढणार? तरीही राज्यात हा सिनेमा टिकला, लोक त्याला जात राहिले. दोन हजाराची एकच नोट घेऊन निघालेल्या घराने ती सिनेमावर मोडली असेल, तर तेही एक परीक्षणच म्हणायचं.

मग ७ एप्रिल २०१७ ला चौसष्टावे राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाले आणि सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकाचा पुरस्कार मापुसकरांना मिळाला. संकलनाचा आणि ध्वनिमिश्रणाचाही याच सिनेमाला. माझ्या सहकाऱ्यांनी लगेच आठवण करून दिली, “परीक्षक मंडळाचे अध्यक्ष कोण होते? प्रियदर्शन. ‘हेराफेरी’वाले. विनोदी माणसाने विनोदी माणसाला दिला.” हे बोलायला मजेदार आहे, पण पुरतं बरोबर नाही. याच प्रियदर्शननी विणकरांच्या आयुष्यावर ‘कांचीवरम’सारखा गंभीर सिनेमा केलेला आहे आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळालेला आहे. भिवंडीत राहून विणकरांचा सिनेमा विसरायचा म्हणजे काय!

पण त्या वर्षीच्या यादीत मला दुसरीच गोष्ट दिसली. देशातला सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून सुवर्णकमळ मिळालं ते सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’ला. तो नैराश्यात बुडालेल्या, जगणं नकोसं झालेल्या तरुणाचा सिनेमा. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला ‘दशक्रिया’, बाबा भांडांच्या कादंबरीवरचा, नदीच्या घाटावर मेलेल्यांच्या विधींवर पोट भरणाऱ्या माणसांचा. आणि दिग्दर्शनाचा पुरस्कार ‘व्हेंटिलेटर’ला. एकाच वर्षी तीन मराठी सिनेमे आणि तिघेही मरणाच्या उंबऱ्याशी उभे, एक अलीकडे, एक पलीकडे आणि एक थेट उंबऱ्यावर. तिघांत हसवणारा एकच. ‘कासव’ मोठा सिनेमा आहे, त्याच्या शांततेपुढे ‘व्हेंटिलेटर’ गोंगाटी वाटतो हे मी मान्य करते. पण शनिवारी रात्री आठ ते ऐंशी वयाची माणसं एका गादीवर बसून बघू शकतील असा तिघांत कोणता, असं विचाराल तर उत्तर सरळ आहे. आणि ही काही हलकी पात्रता नव्हे. घरात रोज स्वयंपाक करणाऱ्या बाईला विचारा, सगळ्यांना चालेल असं कालवण करणं किती अवघड असतं.

‘कौटुंबिक’ हा शब्द आपल्या समीक्षेत कधीपासून थोडा कमीपणाचा झाला, मला कळत नाही. ‘भावनिक’चंही तेच. मी उर्दू शिकवते, मराठीही शिकवते, त्यामुळे दोन्हीकडची मोजमापं माझ्या पिशवीत असतात. मराठीत करुण रस नऊ रसांपैकी एक आहे, पंगतीत त्याचं पान वाढलेलं आहे. आणि उर्दूत तर मर्सिया हा अख्खा काव्यप्रकारच श्रोत्याला रडवण्यासाठी उभा राहिला. एकोणिसाव्या शतकातल्या लखनौमध्ये मीर अनीस आणि मिर्झा दबीर यांचे चाहते एकमेकांशी भांडायचे. पुढे शिबली नोमानींनी या दोघांची तुलना करणारा ग्रंथच लिहिला आणि अनीसचं पारडं जड ठरवलं. त्यात रडू आलं म्हणून कोणाचे गुण कापलेले नाहीत. भाषा किती सहज आहे, प्रसंगाला शोभणारी आहे का, डोळ्यांपुढे चित्र उभं राहतं का, हे बघितलंय. रडवणं हा गुन्हाच नव्हता. कसं रडवलं, एवढाच प्रश्न.

उर्दू तनकीदमध्ये दोन शब्द आहेत, आमद आणि आवुर्द. जे आपसूक येतं ती आमद. जे ओढून आणलं जातं ते आवुर्द. आमच्या दहावीच्या मुलींना मी हे समजावते ते असं, की विहिरीचा झरा ही आमद आणि पंप लावून ओढलेलं पाणी आवुर्द. पाणी दोन्हीकडे पाणीच, पण चव वेगळी लागते.

या मापाने मी ‘व्हेंटिलेटर’ दुसऱ्यांदा बघितला, एकटीने, वही घेऊन नव्हे पण जरा सावध बसून. माझं मत असं झालं की त्यात दोन्ही आहे. ‘बाबा’ गाण्याच्या आसपासचा भाग आवुर्द आहे. तिथे दिग्दर्शकाला आपल्यावर भरवसा नाही, म्हणून तो वाद्यं वाढवतो. शेवटाकडे काही ठिकाणी पात्रं एकमेकांना नव्हे, आपल्याला ऐकवायला बोलतात. काही विनोद फक्त टाळीसाठी आहेत. माझ्या सहकाऱ्यांचा कांदा तो हाच, आणि तेवढ्यापुरते ते बरोबर आहेत.

पण व्हरांड्यातली गर्दी? ती आमद आहे. समीक्षकांची मुख्य तक्रार गर्दीवर होती, आणि मला वाटतं तिथेच त्यांची नजर चुकली. ‘पात्रं जास्त झाली’ असं म्हणणारा माणूस आयसीयूच्या बाहेर कधी अकरा दिवस बसलेला नसावा. तिथे पात्रं जास्तच असतात. कोण कोणाचा कोण हे तिथेही कळत नाही. एक जण डब्यातलं काय आणलं ते विचारतो, एक डॉक्टरला गाठून स्वतःच्या गुडघ्याबद्दल विचारतो, एक कोपऱ्यात तस्बी ओढत असतो, दोघे जमिनीच्या वाटणीवर कुजबुजत असतात, आणि ज्याचा बाप आत आहे तो सगळ्यांना चहा मिळाला का हे बघत फिरतो. त्या फिरण्यामुळेच तो उभा राहतो. सिनेमातला प्रसन्न मला तिथे खरा वाटला.

आता भाईजानांकडे येते.

आमचे अब्बा, अल्लाह त्यांची मगफिरत करो, भिवंडीत एका यंत्रमाग कारखान्यात मेहताजी होते. आयुष्यभर हिशोब लिहिला, कधी कोणाचा एक रुपया इकडचा तिकडे नाही. तीन वर्षांपूर्वी शाबानमध्ये एका सकाळी वजू करताना पडले. मेंदूत रक्तस्राव. ठाण्यातल्या एका खासगी हॉस्पिटलात नेलं, त्याच रात्री व्हेंटिलेटर लागला. अकरा दिवस.

महापोलीहून फुफी आल्या, जमजमची बाटली घेऊन, आणि नर्सशी भांडल्या की नळीतून दोन थेंब तरी सोड. नर्स बिचारी समजूतदार होती, कापसाने अब्बांचे ओठ ओले करू दिले. दापोलीकडचे नातेवाईक टेम्पो करून आले. धाकटा भाऊ कुवेतहून व्हिडिओ कॉलवर, रजा मिळेना. पंधरा-वीस माणसं कायम खाली. वॉचमन ओरडायचा, मग तोही आमच्यातला चहा प्यायचा. आणि मधेच एक प्रश्न, जो कोणी उघड विचारत नव्हतं आणि सगळेच विचारत होते. भाईजानांच्या मुलीचा निकाह रमजानच्या आधी ठरला होता. हॉल घेतलेला, कार्डं वाटलेली. सुतक आपल्यात नाही. बायकोसाठी इद्दत, बाकीच्यांसाठी तीन दिवस, त्यापुढे शोक पाळू नये असा हुकूम. हे सगळ्यांना पाठ. तरी एक मामू रोज संध्याकाळी डॉक्टरांना विचारायचे, “अंदाजे किती दिवस?” त्यांना काय विचारायचं होतं ते डॉक्टरांनाही कळत असावं. तेव्हा मला त्यांचा इतका संताप आला होता की मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. सिनेमात सुतकाची कुजबुज ऐकली आणि मला मामूंवर हसू आलं. तीन वर्षांनी. माणूस मरणाला भितो तेव्हा तो हॉलच्या डिपॉझिटबद्दल बोलतो, हे मला मापुसकरांनी सांगितलं.

दहाव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, मेंदू काही प्रतिसाद देत नाही, पुढे काय करायचं ते तुम्ही घरच्यांनी ठरवा. एवढंच, उभ्या उभ्या, लिफ्टच्या दारात. बसवून कोणी समजावलं नाही. काउंटरवर एक छापील कागद पुढे केला. त्यात लिहिलं होतं की आम्ही वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध, स्वतःच्या जबाबदारीवर रुग्णाला घरी नेत आहोत. भाईजानांनी सही केली. अॅम्ब्युलन्समध्ये एक मुलगा हाताने फुगा दाबत होता. अब्बा अंजूरच्या घरी, त्यांच्याच पलंगावर, असर आणि मगरिबच्या मधे गेले. यासीन चालू होती.

त्या कागदातलं ‘वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध’ हे वाक्य भाईजानांनी अजून मनातून काढलेलं नाही. सल्ला कोणी दिलाच नव्हता. आणि चाळीसाव्याला, जेवणं चालू असताना, फुफी सहज बोलून गेल्या, “अजून दोन दिवस ठेवलं असतं तर… तूच घाई केलीस नळी काढायची.” त्या दुःखात बोलल्या, दुसऱ्या दिवशी विसरल्याही असतील. भाईजान विसरले नाहीत. तेव्हापासून महापोलीला त्यांचं जाणं ईदेपुरतं.

ओट्यावर अंधारात मी त्यांच्याशेजारी बसले. आतून सिनेमाचा आवाज येत होता. ते म्हणाले, “तो पोरगा सही करताना मी बघू शकणार नाही. तू सांग, त्याने बरोबर केलं का?” मला एवढंच सुचलं, “सिनेमातल्याने की तुम्ही?” त्यावर ते काही बोलले नाहीत. पण त्या रात्री, तीन वर्षांत पहिल्यांदा, त्यांनी मला सगळं सांगितलं. सही करताना पेन चालेना, काउंटरवरच्या मुलीने स्वतःचं दिलं, इथपर्यंत.

या सदरात मी फतवे देत नाही, मी मुफ्ती नाही आणि डॉक्टरही नाही. पण शिक्षिका आहे, वाचून सांगू शकते. व्हेंटिलेटर हे औषध नाही. ते फुफ्फुसात हवा ढकलणारं यंत्र आहे, आजार बरा होईपर्यंत वेळ मिळवून देतं. कितीतरी माणसं त्यावरून उठून घरी येतात, म्हणून ते लावलं की संपलंच असं समजू नये. पण मेंदूचं काम कायमचं थांबलेलं असेल तेव्हा काय, यावर आपल्या उलेमांनी विचार केलेला आहे. १९८६ साली अम्मान इथे इस्लामी देशांच्या संघटनेच्या फिकह अकादमीने ठराव केला. मेंदूचं सगळं कार्य पूर्ण थांबलंय, ते परत येणार नाही आणि जाणकार तज्ज्ञ डॉक्टरांनी तसं ठरवलंय, तर यंत्र काढता येतं, हृदय यंत्राच्या आधाराने धडधडत असलं तरी. पुढच्याच वर्षी मक्केच्या फिकह अकादमीनेही यंत्र काढायला परवानगी दिली, फक्त मृत्यू झाला असं श्वास आणि हृदय थांबल्यावरच म्हणायचं, असं सांगितलं. म्हणजे मतभेद आहे तो मृत्यूची वेळ कोणती धरायची यावर. घरातल्याने त्या स्थितीत यंत्र काढू दिलं म्हणून त्याने जीव घेतला, असं दोघांपैकी कोणी म्हणत नाही. आपल्या घरी अशी वेळ आली तर रिपोर्ट घेऊन आपल्या आलिमांकडे जा, ऐकीव गोष्टींवर जाऊ नका.

आणि कायदा. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलातल्या नर्स अरुणा शानबाग यांच्यावर १९७३ साली पाशवी हल्ला झाला आणि त्या २०१५ पर्यंत, बेचाळीस वर्षं, त्याच हॉस्पिटलात बेशुद्धीसारख्या अवस्थेत होत्या. तिथल्या परिचारिकांनी त्यांना सांभाळलं. त्यांच्याच खटल्यात २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने पहिल्यांदा सांगितलं की काही परिस्थितीत, हायकोर्टाच्या परवानगीने, जीवनाधार काढता येईल. ९ मार्च २०१८ च्या निकालाने माणसाला शुद्धीत असतानाच आपली इच्छा लिहून ठेवण्याची मुभा मिळाली, आणि २०२३ मध्ये ती पद्धत आणखी सोपी झाली. हॉस्पिटलात डॉक्टरांच्या दोन मंडळांनी तपासून मत द्यायचं असतं. म्हणजे निर्णय लिफ्टच्या दारात व्हायला नको, असं देशातलं सगळ्यांत मोठं कोर्ट म्हणतं. भाईजानांच्या हातात मात्र तो एकच छापील कागद आला. ‘व्हेंटिलेटर’ आला तो या २०११ आणि २०१८ च्या मधल्या काळात. मी वाचलेल्या परीक्षणांत अभिनय, लांबी, गाणी, सगळ्यावर लिहिलेलं सापडलं. मुलाला हा निर्णय घ्यायला लावणं न्यायाचं आहे का, यावर एक ओळ सापडली नाही. मला वाटतं ती ओळ हवी होती. सिनेमाने प्रश्न विचारला होता.

अर्थात तेव्हा हा शब्दच लांबचा होता. सिनेमाला असलं यंत्राचं नाव कसं दिलं, म्हणून लोक हसले असतील. २०२० नंतर तो शब्द भिवंडीच्या चाळीत शाळकरी पोरांच्या तोंडी आला. शांतीनगरच्या मक्का मशिदीत त्या वर्षी रुग्णांसाठी मोफत ऑक्सिजनची सोय करावी लागली, ते आपल्यापैकी कित्येकांनी बघितलंय. मशिदीच्या चटईवर नळकांडी. कोविडनंतर हा सिनेमा पुन्हा बघणाऱ्याला तो तेवढा विनोदी वाटणार नाही, आणि तेवढा भाबडाही वाटणार नाही. सिनेमा तोच आहे, बघणारे आपण त्या व्हरांड्यातून जाऊन आलो. २०१८ मध्ये तो गुजरातीत पुन्हा केला गेला, जॅकी श्रॉफ आणि प्रतीक गांधी यांना घेऊन. मी तो बघितलेला नाही, पण कामेरकर गुजराती झाले तरी चालतात, याचं नवल वाटत नाही. आम्ही बघताना ते कोकणी मुसलमान झालेच होते.

काही भगिनी लिहितील की या मासिकात सिनेमा कशाला. मागेही लिहिलंय. त्यांच्या घरात बघत नसतील तर चांगलंच आहे, त्यांनी हा लेख हॉस्पिटलबद्दल आहे असं समजून वाचावा. आमच्या घरात महिन्यातून एखादा बघतो, मुलांच्या सोबत बसून, आणि नको ते आलं की रिमोट माझ्या हातात असतो. सिनेमात गणपती आहे, आरती आहे. अंजूरमध्ये राहणाऱ्याला त्याचं काय नवल! आमचं गाव वसईच्या मोहिमेतल्या गंगाजी नाईकांचं, इथल्या गणपतीला लांबून माणसं येतात, आणि अब्बांच्या जनाज्याला नाईकांच्या आळीतली माणसं चपला हातात घेऊन कब्रस्तानच्या दारापर्यंत आली होती.

स्टाफरूममधल्या वादाचं पुढे काय झालं ते राहिलं. मी सहकाऱ्यांना आमद-आवुर्द समजावलं. त्यांना शब्द आवडले, वहीत लिहून घेतले. म्हणाले, “म्हणजे मॅडम, कांदा आवुर्द.” मी म्हटलं, हो. मग थोडं थांबून म्हणाले, “माझे वडील गेले तेव्हा मी रडलो नव्हतो. हा सिनेमा बघताना रडलो. मला त्याचाच राग आला असेल.” घंटा झाली, आम्ही वर्गात गेलो.

निकाहाचंही सांगायचं राहिलं. तो ठरल्या दिवशीच झाला, अब्बांना जाऊन पाच दिवस झाले होते. हॉल सोडून दिला, मशिदीत निकाह, खजूर आणि सरबत. डिपॉझिट परत मिळालं नाही. मामू अजून त्यावर बोलतात.

गेल्या रविवारी फुफी आल्या, डोळ्याच्या डॉक्टरकडे दाखवायला. दुपारी जेवण झाल्यावर म्हणाल्या, “पोरं सांगत होती कसलंसं हॉस्पिटलचं पिक्चर बघितलंत. मला पण लाव.” मी भाईजानांना फोन केला की फुफी आल्यात, सिनेमा लावायला सांगतायत. ते म्हणाले, कामात आहे. तासाभराने गेटपाशी त्यांची मोटरसायकल वाजली. आले, फुफींना सलाम केला, त्यांच्या पायाशी खाली बसले आणि मुलाच्या हातून मोबाइल घेऊन सिनेमा पहिल्यापासून लावला. गावची बायका-माणसं हॉस्पिटलात येऊन पोचली तसं फुफी हसायला लागल्या. “अगं ही बघ, ही तर माझ्यासारखीच भांडते.” पुढे तो प्रसंग आला. या वेळी भाईजान उठले नाहीत. फुफींचा चष्मा काढलेला, डोळ्यांत औषध घातलेलं, त्यांना धूसर दिसत होतं. “काय झालं रे? काय करतोय तो?” त्यांनी विचारलं.

“सही करतोय,” भाईजान म्हणाले.

फुफी काही वेळ बोलल्या नाहीत. मग त्यांनी हात पुढे करून चाचपडत भाईजानांचं डोकं शोधलं.